टेलिपोर्टेशनला दोनच बिट का लागतात?

प्रश्न : क्वांटम टेलिपोर्टेशनमध्ये (कण स्वतः न पाठवता त्याची अवस्था दूरच्या कणावर उतरवण्याच्या पद्धतीत) एक क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीचे एकक, पाठवताना साध्या मार्गाने, म्हणजे फोन किंवा इंटरनेटवरून, दोन बिटही कळवावे लागतात, असे वाचले. हा खर्च एका बिटावर किंवा शून्यावर आणता येईल का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : पाठवणाऱ्याला क्यूबिटची अवस्था माहीत नसेल तर नाही, माहीत असेल तर एका बिटापर्यंत येता येते.

चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेल्या पद्धतीत पाठवणारा आपला क्यूबिट आणि एंटँगल्ड जोडीतला (दूर असूनही अवस्था एकमेकांशी जोडलेल्या, दोघांनी एकेक वाटून घेतलेल्या दोन कणांतला) आपल्याकडचा कण यांचे एकत्रित मापन करतो. त्यातून सारख्याच शक्यतेची चार उत्तरे निघू शकतात, आणि त्यांपैकी कोणते आले हे कळल्यावरच घेणाऱ्याला आपल्या कणावर योग्य ती दुरुस्ती करता येते. चारांतले एक सांगायचे म्हणजे दोन बिट आलेच.

याहून काटकसरीची युक्ती का निघू शकत नाही, याचे कारण मला मूळ पद्धतीपेक्षाही देखणे वाटते. एंटँगल्ड जोडी आधीच वाटून घेतलेली असेल, तर एका क्यूबिटवरून दोन बिटांचा संदेश पाठवता येतो, हे बेनेट आणि स्टीफन वीसनर यांनी १९९२ सालीच दाखवले होते. आता समजा, क्यूबिट एका बिटात टेलिपोर्ट झाला. मग असा संदेश चढवलेला क्यूबिट टेलिपोर्ट करावा आणि घेणाऱ्याने त्या बिटाची वाट न पाहता नाणे उडवून तो ठरवावा. निम्म्या वेळा अंदाज बरोबर ठरून पूर्ण संदेश हाती पडेल. एरवी दोन बिट निव्वळ अंदाजाने चारांतून एकदाच जुळतात. म्हणजे प्रकाशाच्याही आधी माहिती पोहोचली, आणि सापेक्षता सिद्धांताला ते मुळीच मान्य नाही. शून्य बिटांचा प्रश्नही इथेच निकालात निघतो.

अवस्था माहीत असेल तेव्हाची सवलत भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अरुण कुमार पती यांनी २००० च्या सुमारास दाखवली. क्यूबिटच्या सर्व अवस्था ज्याच्या पृष्ठभागावरच्या बिंदूंनी दाखवतात त्या ब्लॉख गोलाच्या विषुववृत्तावरची अवस्था पाठवायची असल्यास पाठवणारा त्या अवस्थेला अनुसरूनच मापन करतो. घेणाऱ्याकडे हवी ती अवस्था उरते किंवा बरोबर तिच्या समोरची, आणि कोणती ते एका बिटात सांगता येते. समोरची असल्यास अर्धा फेरा दिला की काम होते, कारण विषुववृत्तावर कुठेही हा फेरा तोच असतो. संपूर्ण गोलासाठी अशी एकच क्रिया अस्तित्वात नाही. तरीही माहीत असलेल्या पुष्कळ अवस्था एकत्र पाठवल्यास दर क्यूबिटमागे खर्च एका बिटाच्या जवळ आणता येतो, हे २००१ साली सिद्ध झाले.

प्रयोगशाळेत मात्र हे दोन बिट कुणाला फारसे जड जात नाहीत. १९९७ च्या इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) येथील टेलिपोर्टेशनच्या प्रयोगात चार उत्तरांपैकी एकच ओळखता आले होते. खरी अडचण त्या एकत्रित मापनाची आहे.