मंगळवारच्या टेस्टिंगला जाण्याआधी एवढं वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. मुलगा तिसरीत, एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, अंगात अतिचंचलपणा) निदान झालेलं, स्वतःचं अक्षर स्वतःला लागत नाही, शाळा म्हणते "सर्टिफिकेट आणा नाहीतर दुसरी शाळा बघा", आणि अडीच महिने थांबल्यावर सरकारी रुग्णालयात टेस्टिंगला पुढच्या मंगळवारची तारीख मिळालीय. गावं बदलली तर ही आमचीच २०१९ची गोष्ट आहे.

तुम्ही कागदपत्रं विचारलीत. ती कोणीही सांगेल: आधार, जन्मदाखला, शाळेचं पत्र, फोटो, वर्षभराच्या वह्या. एडीएचडी म्हणजे काय तेही तुम्ही एव्हाना पाठ केलं असेल. मी त्या मंगळवारच्या दिवसाबद्दलच बोलणार आहे, कारण त्या एका दिवसाने आमची दोन वर्षं खाल्ली.

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं. जे लिहितोय ते भोगलेलं आहे, पण तुमच्या डॉक्टरांच्या शब्दावर माझा शब्द ठेवू नका.

पहिली गोष्ट म्हणजे, शाळा ज्याला 'एडीएचडीचं सर्टिफिकेट' म्हणते ते असं वेगळं मिळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी या नावाने काही नाही. तुम्ही मंगळवारी जाताय ते एलडी टेस्टिंगला, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला: बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं ते. बऱ्याच पोरांत दोन्ही जोडीने असतं, आणि तुम्ही अक्षराबद्दल जे लिहिलंय त्यावरून तपासून घ्यायलाच हवं. अर्जावर आणि शाळेच्या पत्रात 'अध्ययन अक्षमता' हे शब्द स्पष्ट येऊ द्या. आमच्या पत्रात मुख्याध्यापकांनी नुसतं 'एडीएचडीग्रस्त' लिहिलेलं. खिडकीवरच्या बाईंनी ते बघून "हे इथे होत नाही" म्हणून एकदा परत पाठवलं. एक हेलपाटा तिथेच गेला.

आता तो दिवस.

आमच्या गावाहून ते रुग्णालय एसटीने अडीच तास. सात वाजता केसपेपरची रांग लागते असं कळलेलं, म्हणून पोराला पहाटे साडेतीनला उठवलं. गाडीत त्याला मळमळतं, म्हणून बायकोने खायला काही दिलं नाही, "तिथे गेल्यावर खाऊ". सहाला गाडीतच एडीएचडीची नेहमीची गोळी दिली, मिथाइलफेनिडेट, साधी, चार तास पुरणारी. त्या गोळीने भूक मरते हे तुम्हाला माहीत असेलच. मग तिथे पोचल्यावर पोहे समोर ठेवले तर दोन घास खाल्ले आणि बाजूला सारले. नंबर लागला चौतीस. आधी बालरोगतज्ज्ञ, मग डोळे, मग कान, प्रत्येकाची इमारत वेगळी आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का. साडेबाराला पोरगा बाकावर आडवा झाला होता. गोळीचा अंमल दहालाच संपलेला. बायको म्हणाली, "आज नको. हा पार मेलाय. दुसरी तारीख घेऊ." मी म्हटलं, दोन महिन्यांनी मिळालेली तारीख आहे, दुकान बंद ठेवून आलोय, आता अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

चूक ती हीच. रुग्णालयाला मी शिव्या पुढे घालीनच, पण हा निर्णय माझा होता.

एक चाळीसला त्याला आत घेतलं. एकच खोली, अर्ध्या भागात चाचणी आणि अर्ध्या भागात शिक्के मारणारा माणूस. दर दोन मिनिटांनी कोणीतरी दार ढकलून "साहेब, सही" म्हणायचं. मानसतज्ज्ञ मॅडम वाईट नव्हत्या हो, त्यांच्यापुढे अजून नऊ पोरं बसली होती. पन्नास मिनिटांत बाहेर आला. मी विचारलं, कसं झालं? म्हणाला, "बाबा, शेवटी शेवटी मी सगळ्याला 'माहीत नाही' म्हटलं. तसं म्हटलं की लवकर सोडतात."

मी हसलो त्यावर. अजून आठवलं की पोटात कालवतं.

बुद्ध्यांक आला ७९. आता हा आकडा का महत्त्वाचा ते सांगतो, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. केंद्र सरकारच्या तेव्हाच्या, २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आधी बुद्ध्यांक काढायचे आणि तो ८५च्या वर असला तरच पुढची एलडीची चाचणी घ्यायचे, ती बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची. म्हणजे ७९ आला की दार तिथेच बंद. वाचन, लेखन, गणित यांची चाचणी आमच्या पोराची झालीच नाही. कागदावर 'बॉर्डरलाइन', म्हणजे बुद्धी काठावरची, असं लिहून हातात दिला.

हा पोरगा सातव्या वर्षी दुकानात माझ्या शेजारी बसून कॉइलचे वेढे मोजायचा, आणि माझा आकडा चुकला तर "बाबा, दोन कमी आहेत" म्हणायचा. स्टार्टर का ट्रिप होतोय हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. (त्याच पोराला जेवताना पाच मिनिटं पाटावर बसवा म्हटलं तर घाम फुटायचा, ती गोष्ट वेगळी.) मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा आकडा त्याचा नाही, त्या दुपारचा आहे. पण सरकारी शिक्का बघितला की आपली माणसं गार पडतात. मीही पडलो.

शाळेने काय केलं? तो कागद फायलीत लावला आणि पोराला 'ब' तुकडीत टाकलं. परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलत एक नाही. उलट बाई मधल्या सुट्टीत दुसऱ्या बाईंना सांगायच्या आणि पोरं ऐकायची. घरी येऊन त्याने आईला विचारलं, "बॉर्डरलाइन म्हणजे बॉर्डरवर पाठवतात का?"

पंधरा दिवसांनी मी पुन्हा रुग्णालयात गेलो, फेरतपासणी मागायला. खिडकीवर उत्तर, "वर्षाने या." अर्ज घ्या म्हटलं तर अर्ज घेत नाहीत. पोच द्या म्हटलं तर "पोच कसली?" आतल्या साहेबांना भेटू द्या, तर साहेब मीटिंगला. चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला एका शिपायाने कानात सांगितलं की बाहेरच्या अमुक क्लिनिकमधून 'करून' मिळतं. नाही केलं, आणि तुम्हीही करू नका. दहावीला बोर्ड सरकारमान्य केंद्राचंच सर्टिफिकेट धरतं, बाहेरचा रिपोर्ट फार तर शाळेला समजावायला आणि सोबत जोडायला. वर्षाने या म्हणाले, आणि वर्षाने सगळं जगच बंद होतं. मोबाइलवरची शाळा आणि एडीएचडीचं पोर, यावर मी काही लिहीत नाही, ज्याने बघितलं त्याला माहीत आहे.

एक मात्र खरं, वर्षाने या म्हणण्यात थोडं तथ्यही असतं. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर मुलाला उत्तरं आठवतात. पण मग पहिली चाचणी नीट घ्यायची जबाबदारी दुप्पट होते की नाही? ते राहिलं बाजूला.

नोव्हेंबर २०२१मध्ये दुसऱ्या सरकारी केंद्रात नंबर लागला. यावेळी आदल्या रात्री मेव्हण्याकडे मुक्काम केला. सकाळी पोटभर भाकरी, दूध. तिथल्या मॅडमना पहिल्याच मिनिटाला सांगितलं की मुलाला एडीएचडी आहे, ही गोळी चालू आहे, या वेळेला दिलीय, आणि मागच्या वेळी असं असं झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चाचणी दोन दिवसांत, दोन सकाळींत घेतली. बुद्ध्यांक १०४. त्यांनी मला उपचाचण्यांचे आकडे दाखवले: शब्द, साम्य, ठोकळे यांत चांगला, आणि आकडे ऐकून उलटसुलट सांगणं आणि चिन्हं भराभर उतरवणं यांत एकदम खाली. एडीएचडीच्या मुलांत असा खड्डा दिसतो म्हणाल्या, आणि तो खड्डा मग सगळी बेरीज खाली ओढतो. पुढची चाचणी झाली, लेखन आणि वाचन दोन्हीत अक्षमता निघाली. पाचवी अर्धी संपलेली होती तेव्हा.

म्हणून तुम्हाला एवढंच कळकळीने सांगतो. गोळी चालू असेल तर टेस्टिंगच्या दिवशी द्यायची की नाही, किती वाजता द्यायची, हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. काही जण गोळीशिवाय बघू म्हणतात, काही जण गोळीवर. आपल्या मनाने काही करू नका. मी काय केलं ते सांगितलंच. शक्य असेल तर डोळे आणि कान आधीच दुसऱ्या दिवशी उरकून घ्या, म्हणजे चाचणीच्या दिवशी इमारती फिरायला नकोत. डबे दोन न्या, एक गोळीआधीचा आणि एक नंतरचा. चष्मा असेल तर विसरू नका, हे सांगायचं कारण आमच्या रांगेत एक जण विसरला होता. आत गेल्यावर दोन बैठकींत घ्याल का, असं विचारायला लाजू नका, फार तर नाही म्हणतील. आणि दुपार झाली, पोरगं झोपेला आलं, तर परत या. तारीख गेली तर जाऊ द्या. लोक म्हणतील सोन्यासारखी तारीख सोडली. ऐकू नका.

निकाल पटला नाही तर खिडकीशी वाद घालू नका, माझे चार दिवस गेले त्यात. अर्ज पोस्टाने, पोच मागून पाठवा, म्हणजे हातात पुरावा राहतो. मला हे दोन वर्षांनी एका वकील गिऱ्हाइकाने सांगितलं, मोटार न्यायला आला होता.

शाळेचं 'दुसरी शाळा बघा' हे सगळीकडे ऐकू येतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. पण कलमं घेऊन पहिल्या दिवशी भांडायला जाऊ नका, पोर त्यांच्याच हाती सहा तास असतं. मी फक्त एवढं म्हटलं, "मॅडम, हेच मला लेखी द्याल का?" दिलं नाही. पुन्हा बोललेही नाहीत. तुमच्याकडे असंच होईल याची हमी मी देत नाही.

नातेवाइकांचा विषय काढला की माझा तोल जातो, तरी. "लाडावलाय", "एक कानाखाली ठेवा", "आमच्या वेळी नव्हतं असलं काही". आमच्या वेळीही होतं. मीच होतो. सातवीत दोनदा बसलो, आणि आजही दुकानाची किल्ली दुकानात ठेवून कुलूप लावतो. हे आनुवंशिक असतं म्हणतात ते आमच्या घरात पुराव्यानिशी आहे. एका पाहुण्याने तर डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गाचे पैसे भरायला लावले होते. पोराने पहिल्याच दिवशी घरी येऊन पट्टीखालून कसं दिसतं ते दाखवलं. पैसे परत मिळाले नाहीत.

तुम्ही ओघात विचारलंय की गृहपाठाला तास-तास जातो. फळ्यावरून उतरवून घेणं बंद करायला सांगा, वहीचा फोटो मागवा. दहा मिनिटं लिहिणं, मग पाण्याची कळशी भरून आणायला पाठवणं, मग पुन्हा दहा मिनिटं. बाकी उपाय थेरपिस्ट सांगतील, माझ्याकडे एवढाच टिकला.

सर्टिफिकेट एकदा मिळालं की संपलं असंही नाही. २०१८च्या त्या सूचनांप्रमाणे आठव्या वर्षी घेतलं तर चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होती, आणि अठराव्या वर्षी शेवटची. आमचा आता चौदाचा झाला, नववीत आहे. दहावीला जादा वेळ हवा, म्हणून गेल्या आठवड्यात तारीख घ्यायला गेलो. मी खिडकीशी वाकून नेहमीचं गाऱ्हाणं सुरू करणार एवढ्यात तोच पुढे झाला आणि म्हणाला, "मॅडम, सकाळचा नंबर द्या. दुपारी माझं डोकं चालत नाही." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि नऊ वाजताचा दिला.

ता.क. गोळी मिळत नाही असं तुमच्या पोस्टखाली कोणीतरी लिहिलंय. मिथाइलफेनिडेट 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. त्याला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, म्हणून कोपऱ्यावरचा मेडिकलवाला नाही म्हणतो, त्याच्याशी भांडू नका. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. डॉक्टरांकडूनच दोन प्रती घ्या, झेरॉक्स चालत नाही म्हणून मला एकदा दिवाळीत तीन दिवस गोळीशिवाय काढावे लागले. आणि महिन्याला वजन-उंची लिहून ठेवा, डॉक्टर विचारतात.