बोंडं गेली, पऱ्हाटी उरली

प्रश्न : ताई नमस्कार. मी पारोळा तालुक्यातली, वय ३४. यंदा कापसाचं पार वाटोळं झालं, ऐन बोंडं फुटायच्या टाइमाला पाऊस, मग गुलाबी अळी, वेचणीची मजुरी तेवढी कशीबशी फिटली. सासूबाई उठता-बसता म्हणतात देवाचे उपकार मान, पोरं धडधाकट आहेत. मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की रोज रात्री ३ चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या. ४ दिवस लिहिलं, पाचव्या दिवशी पण तेच, पोरं, नवरा, चहा, उलट चिडचिडच वाढली. देवापुढे हात जोडते पण मनात काहीच नसतं. माझ्यातच श्रद्धा कमी आहे का?

उत्तर : ती वही आधी पोरांना गणितं करायला देऊन टाका बरं. वर्षाचं पीक गेल्यावर राग येणारच, नाही आला तर मला काळजी वाटली असती. आणि आधी हे सांगा, पंचनामा झाला का, विम्याचं कुणी बघितलं का? देवाला हात जोडून तलाठ्याकडची चक्कर चुकत नाही. रात्र रात्र झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, त्यात लाजायचं काही नाही.

आता श्रद्धेचं. माझ्या आजीला कृतज्ञता हा शब्द माहीत पण नसेल. नळाला ४-५ दिवसांनी पाणी यायचं, तर पहिली कळशी भरली की ती ओला हात डोळ्यांना लावायची आणि लगेच वळून शेजारणीशी पाइपावरून असं कचाकचा भांडायची की गल्ली जमा व्हायची. दोन्ही एकाच सकाळी, आणि दोन्ही खरंच. वाती वळताना पण तेच, हात वातीवर आणि तोंडात अख्ख्या गावाच्या कागाळ्या, पण म्हणून संध्याकाळी दिवा लागायचा राहिला नाही कधी. तुमचे हात जोडले जातायत ना, मग मनाला येऊ द्या त्याच्या सवडीने, नाही आलं तरी दिवा लावा.

आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचंच बघा ना. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, नैवेद्याच्या रोटाला गहू मोजतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ (बायकांची मूठ कुणीच धरली नाही, दळायला आणि थापायला मात्र आपणच, हे मला अजून खटकतं), पण पीक आलं का बुडालं हे काही तिथे विचारत नाहीत. आणि बांधावरून वर्षभर तोंड न बघणारे भाऊबंदसुद्धा रोट खायला एका पंगतीत बसतात, एकमेकांकडे न बघता का होईना.

सासूबाईंवर पण फार चिडू नका. त्यांनी अशी किती सालं बघितली असतील, आणि हे पीक त्यांचं पण गेलंय. मला तर वाटतं पोरं धडधाकट आहेत हे त्या निम्मं स्वतःलाच सांगत असतील.

एक करा. बोंडं गेली तरी पऱ्हाटी, कापसाची झाडं, शेतात उभीच असेल. ती उपटून वाळली की एका रविवारी बांधावर पेटवा आणि भरताची हिरवी-पांढरी मोठी वांगी त्यात टाका, गॅसवर ती चव येत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घरून नेल्या तरी चालतील. भरीत ठेचायची लाकडी बडजी माळ्यावर कुठे पडलीय ते सासूबाईंनाच विचारा, आणि ठेचायला पण त्यांनाच बसवा, त्या दिवशी देवाचे उपकार मान म्हणाल्या तर म्हणू द्या, तुम्ही मिरच्या भाजा. आणि खाऊन झाल्यावर त्याच राखेजवळ बसून नवऱ्याशी बोलून घ्या, पुढच्या साली परत कापूसच लावायचा का ते.