रिकॉलनंतर पेट्रोलचा वास

प्रश्न : उत्पादकाच्या रिकॉलनुसार (सदोष भाग बदलून देण्यासाठी गाड्या परत बोलावण्याच्या मोहिमेनुसार) माझ्या गाडीचा इंधन पंप विनामूल्य बदलून मिळाला, मात्र तिसऱ्याच दिवशी इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागला आणि टाकी पूर्ण भरली की मागच्या आसनाजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला. कामाचा याच्याशी संबंध नाही, असे सर्व्हिस सेंटर म्हणते. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका, पेट्रोलची वाफ सहज पेट घेते, म्हणून गाडी टो करूनच न्यावी. अनेक गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि तो मागचे आसन उचलून, टाकीच्या तोंडावरील कडे सोडवून काढावा लागतो. जुनेच रबरी सील पुन्हा वापरले गेले, ते दुमडून बसले किंवा नळीचा जोड पुरता अडकला नाही, तर गळती होते. टाकी भरलेली असतानाच वास येतो, ही तुमची नोंद मला फार मोलाची वाटते, कारण तेव्हा इंधन सीलपर्यंत पोहोचते. इशारा दिव्यामागचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०४५५ (P0455) हा कोड दिसला, तर बाष्प रोखणाऱ्या यंत्रणेत मोठी गळती आढळल्याचा तो संकेत असतो. कोड पुसण्यापूर्वी त्याची लेखी नोंद अवश्य मागून घ्या. कॅनिस्टरचा (टाकीतील वाफ शोषून ठेवणाऱ्या डब्याचा) जुना व्हॉल्व्ह योगायोगाने याच सुमारास बिघडलेला असू शकतो, हे मान्य. परंतु सील डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संबंध नाकारणे मला मुळीच पटत नाही. जॉबकार्डाची (सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाच्या नोंदपत्रकाची) प्रत जोडून सेवा व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्या आणि दाद न मिळाल्यास रिकॉलच्या क्रमांकासह उत्पादकाच्या ग्राहक विभागाला कळवा.