घरमालक म्हणतो, भाडं वाढव नाहीतर खाली कर

प्रश्न : ताई, मी उदगीरकडचा, वय २४. हिंजवडीत सपोर्टला आहे, हातात २३ हजार येतात. आम्ही तिघं वाकडला वन बीएचकेत राहतो, भाडं २१ हजार. माझे ७ त्यात जातात, ६ घरी पाठवतो, मग मेस, बस, रिचार्ज की २० तारखेलाच खिसा रिकामा. आता मालक म्हणतो मेट्रो येतेय, पुढच्या महिन्यापासून २७ द्या नाहीतर खोली सोडा. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे, ५ महिने बाकी आहेत, पण फक्त नोटरी केलंय. डिपॉझिटचे माझे २० हजार मित्राकडून उसने घेतलेत. बाबांना वाटतं पोरगं पुण्यात सेट झालंय.

उत्तर : अरे, आधी घाबरू नकोस, आणि लगेच सामान तर अजिबात बांधू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५ वाच. भाडेकरार लेखी आणि रजिस्टर्ड असायलाच हवा, ११ महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तुझी नाही. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, हे आपल्या पोरांना कुणी सांगतच नाही याचा मला फार राग येतो. रजिस्टर केलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो तेच धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा तिघांनी मिळून त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नीट लिहा की मुदत संपेपर्यंत २१ च देणार. भाडं रोख देऊ नका, खात्यावरच टाका. दमदाटी झाली तर पोलीस चौकीत लेखी तक्रार द्या. पण खरं सांगते, मुदत संपल्यावर तो वाढवून मागणारच, आणि तेव्हा हा कायदा तुला तिथे ठेवणार नाही. म्हणून हे ५ महिने घर शोधायला वापर, रावेत-पुनावळेकडे बघ, आणि नवीन करार रजिस्टर करूनच घे, आता ते घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं.

आणि बाबांना फोन कर रे. ६ चे ४ केलेस तर ते रागावतील असं तुला वाटतंय, पण मित्राचे २० हजार डोक्यावर आहेत हे त्यांना उद्या दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल त्यांना. आजच रात्री कर, जेवणं झाली की.