नववी-दहावीला मानवी भूगोल शिकवायला फुकटात ऑनलाइन काय वापरता येईल?

पॉप्युलेशन पिरॅमिड डॉट नेट, गॅपमाइंडरची डॉलर स्ट्रीट आणि 2011 च्या जनगणनेचे जिल्हावार आकडे, एवढ्या तीन गोष्टींवर लोकसंख्येचा धडा आरामात निघतो. मी नववीला हेच वापरते. पिरॅमिडमध्ये, म्हणजे वयोगटाप्रमाणे लोकसंख्येच्या आलेखात (लहान मुलं खाली, म्हातारी माणसं वर), नायजर आणि जपान शेजारी शेजारी लावा, एकाचा पाया रुंद आणि दुसरा वर फुगलेला, मुलं व्याख्या न सांगता बोलायला लागतात. डॉलर स्ट्रीटवर वेगवेगळ्या देशातल्या घरांचे फोटो महिन्याच्या कमाईप्रमाणे लावलेत, चूल, टूथब्रश, संडास सगळं, त्यामुळे गरिबी म्हणजे फक्त आफ्रिका हा समज लगेच मोडतो. पण खरी मजा जनगणनेत आहे, रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका आणि राज्याची सरासरी 929, असं का म्हणून विचारलं की कोकणातलं नाहीतर मुंबईतलं एखादं पोर स्वतःच सांगतं की गडीमाणसं मुंबईला असतात, झालं की स्थलांतर शिकवून! फक्त हे आकडे 2011 चे आहेत, फळ्यावर वर्ष लिहा, नाहीतर पोरं आजचे म्हणून पाठ करतात. नेट नसेल तर स्क्रीनशॉट काढून न्या.