प्रायॉरिटीला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यासाठी सॉफ्टवेअर बनतंय, त्याच्या रिक्वायरमेंटचा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं त्या मागण्यांचा, तक्ता मराठीत करायचाय, तर प्रायॉरिटीच्या रकान्याला प्राधान्य म्हणायचं, अग्रक्रम की प्राथमिकता?

प्राथमिकता सोडा, ते हिंदी वळण आहे, आपल्याकडं प्राथमिक म्हटलं की शाळा नाहीतर आरोग्य केंद्र. बाकी दोन्ही शब्द चांगलेत, पण कुठला घ्यायचा ते मागण्यांची प्रायॉरिटी ठरवायला तुम्ही पद्धत कुठली वापरताय त्यावर आहे.

समजा मॉस्को (MoSCoW) पद्धत वापरली, म्हणजे डाय क्लेग यांनी १९९४ साली मांडलेली मस्ट, शुड, कुड, वोन्ट वाली, तर तिच्यात क्रम लागतच नाही, नुसते चार गट पडतात. शेतकऱ्याची पट्टी छापणं मस्ट, हमाली-तोलाई कापणं पण मस्ट, मग आधी काय करायचं ते ही पद्धत सांगतच नाही. म्हणून इथं 'प्राधान्यगट' लिहा. गटांची नावं मी अशी देईन: हवंच, हवं, असलं तर बरं, या खेपेला नको. शेवटच्यात नुसतं 'नको' लिहू नका हां, मूळ अर्थच आत्तापुरतं नको असा आहे, आणि अडत्याला वाटायचं आपली मागणी कायमची उडवली.

बबल सॉर्ट ही दुसरी पद्धत, तिच्यात दोन-दोन मागण्या शेजारी ठेवून वरखाली करत जायचं, शेवटी सरळ ओळ लागते. हा खरा अग्रक्रम. पण पहिली दुसरीपेक्षा किती जड, ते त्यातनं कळत नाही.

ते कळतं एएचपीत (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस), थॉमस साटी यांची पद्धत, प्रत्येक जोडीला १ ते ९ मध्ये आकडा द्यायचा आणि त्यातनं प्रत्येक मागणीचं वजन काढायचं. तिथं 'भारांक' हाच शब्द बरोबर. कार्लसन, वोलिन आणि रेग्नेल यांनी १९९८ साली सहा पद्धती ताडून बघितल्या त्यात हीच सरस ठरली, पण १३ मागण्यांना ७८ जोड्या होतात आणि २० झाल्या की १९०, सौद्याच्या वेळेला एवढं कोण बसून सांगणार? त्यापेक्षा अडत्याला १०० गुण द्या आणि मागण्यांवर वाटायला सांगा, भारांक त्यातनंही मिळतात.

तुमच्या तक्त्यात आत्ता हाय, मीडियम, लो एवढंच असेल तर तेही गटच आहेत, त्याला अग्रक्रम म्हणू नका.