व्याही बसणार कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ५९ वर्षांचा, देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. गावाचं नाव छापू नये. ३८० कलमांची वडिलोपार्जित बाग आहे. मुलगी २७ वर्षांची, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पदवीधर. फवारण्या कधी घ्यायच्या इथपासून वाशीच्या बाजारातून आलेली विक्रीची पट्टी तपासण्यापर्यंत सगळं आता तीच बघते. तिला लग्न करायचं आहे बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मुलाशी. तो आयटीआय झालेला आहे. जात एकच, तो प्रश्न नाही. पण त्याचे आजोबा आमचं कूळ, आमची जमीन कसणारे, आणि वडील आजही आमच्याकडे बेणणीला म्हणजे बागेतलं गवत काढायला, आंबे काढायला येतात. आम्ही त्यांना कधी परकं मानलं नाही, चतुर्थीला आमच्या गणपतीवरची माटवीसुद्धा तेच बांधतात. पण सोयरीक वेगळी. शिवाय पावसात मासेमारी बंद, तेव्हा मुलगा खाणार काय? मुलीला वर्षभर डोंबिवलीला भावाकडे नेऊन ठेवावं म्हणतो. ऐकलं नाही तर बागेत वाटा नाही, हेही तिला सांगितलंय. उद्या तो माणूस व्याही म्हणून माझ्या ओटीवर बसला तर गावात तोंड कसं दाखवू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. मूळ पत्र चांगलं चार पानी आहे, त्यात कलमांचा आकडा दोनदा येतो आणि मुलाचं नाव एकदाही येत नाही. (तुम्ही 'त्याचा बाप' लिहिलं होतंत, छापताना आम्ही 'वडील' केलं. राग नसावा.)

आधी पोटापाण्याचं उरकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खरंय. पण होड्या वर ओढलेल्या असतात त्या याच दिवसांत, आणि इंजिनं खोलली जातात तीही तेव्हाच. बंदर सुरू व्हायच्या आत इंजिन लागलं पाहिजे म्हणून होडीमालक मिस्त्रीच्या दारात उभा असतो. पावसात त्या मुलाला जेवायला फुरसत मिळत नसेल. पावसात खिसा रिकामा असतो तो आपला, बागायतदारांचा. मे महिन्यात आलेला पैसा मोहोरासाठीचं कल्टार, खत आणि सोसायटीचा हप्ता यांत जातो, आणि मोहोरावर अवकाळी पडला की पुढच्या वर्षाचंही विचारायला नको. मी बागायतदाराचीच मुलगी आहे, घरातलंच सांगतेय.

आता डोंबिवली. २७ वर्षांच्या बाईला कुणी 'नेऊन ठेवत' नाही. ती स्वतःहून गेली तर गोष्ट वेगळी, मर्जीविरुद्ध अडकवून ठेवलंत तर तो गुन्हा आहे, आणि त्यात तुमचा भाऊही सापडेल. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की घरच्यांच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलंय. त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली तर तीस दिवसांत हरकत घेता येते, पण हरकतीची कारणं ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, जवळचं निषिद्ध नातं असणं, अशी. मुलाचा आजा आमचं कूळ होता, हे कारण त्यात नाही.

वाट्याचंही तसंच. बाग तुम्हीच वडिलोपार्जित म्हणता. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर अशा मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासूनचा, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरची उरलीसुरली शंकाही फेडली. तुमच्या स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र तुम्ही कराल, पण तिचा हिस्सा तुमच्या धमकीत बसत नाही. आणि ज्या मुलीच्या हातात तुमच्या फवारण्यांची वही आहे तिला बागेतून काढणार, म्हणजे नोव्हेंबरात तुडतुड्याची कीड आल्यावर विचारणार कुणाला?

हे झालं वकिलाचं. तुमचं दुखणं शेवटच्या ओळीत आहे. त्या ओटीपाशी.

१ एप्रिल १९५७ ला कुळं कायद्यानं कसत्या जमिनीची मालक झाली. तुमच्या पत्रात ती अजून 'आमचं कूळ' आहेत. मला एक सांगा, माटवी बांधायला ते गृहस्थ थेट माजघरात येतात ना? पाटावर चढून कवंडाळं, नारळ, आंब्याचे टाळे बांधतात. देवाच्या डोक्यावर त्यांचा हात चालतो. मग काम झाल्यावर चहा कुठे घेतात? मी सांगते. पडवीच्या पायरीवर, आणि कप दांडी उडालेला. तो कप तुमच्याकडे कोनाड्यात वेगळा ठेवलेला असेल. कसं ओळखलं? आमच्याकडेही होता.

आमच्या थोरल्या बहिणीनं १९८१ मध्ये एसटीतल्या वाहकाशी लग्न केलं. "घंटी मारणारो जावय माका नको," एवढं बोलून वडील बागेत निघून गेले, आणि अकरा वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. पण दर मे महिन्यात तिच्याकडे एक पेटी जायची. वर पत्ता मी लिहायचा, त्यांच्या अक्षरात नको. आत पेंढा मात्र ते स्वतः भरायचे, गड्याला हात लावू देत नसत. तळाला पेंढा आडवा, कडेनं उभा, आणि प्रत्येक फळाचं देठ एकाच बाजूला. ताई पेटी उघडली की पत्त्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिला कळायचं, पण ती तोंडानं काही म्हणत नसे, तेही म्हणत नसत. असली माणसं आम्ही. अकराव्या वर्षी वडील तिच्या दोन खोल्यांत जाऊन लोखंडी खुर्चीवर बसले आणि जावयानं केलेला चहा प्याले. पुढे पाचच वर्षं जगले.

तुमच्या पत्नी गप्प आहेत असं मूळ पत्रात लिहिलंत. त्यांना एकदा विचारा, पण चार माणसांत नको. स्वयंपाकघरात, त्या भाजी निवडत असताना. मुलीची आई या बाबतीत गप्प असते तेव्हा बहुधा तिला तुमच्या कितीतरी आधीपासून सगळं ठाऊक असतं.

मुलाबद्दल मला काही माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. एवढं करा : फवारणीचा बिघडलेला पंप घरात एखादा असेलच, तो स्वतः घेऊन बंदरावर जा. गडी पाठवू नका. तासभर तिथे बसा. गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, पैसे कसे मागतो, शब्द दिलेल्या वेळी काम देतो का, हे बघा. दारू पितो का, कर्ज किती, हेही विचारा. बापानं विचारायचे प्रश्न ते हेच. त्यात खोट निघाली तर मुलीला तसं स्पष्ट सांगा, ती शिकलेली आहे, ऐकेल. खोट निघाली नाही तर मग तुमच्याकडे फक्त ओटी उरते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चतुर्थीला आठदहा दिवस राहिले असतील. ते गृहस्थ माटवी बांधायला येतीलच. यंदा चहा तुम्ही स्वतः बाहेर आणा, दोन कप, दोन्ही दांडीचे. कोनाड्यातला तिथेच राहू दे. त्यांना हाक मारा आणि ओटीवर बसा म्हणा. ते बसणार नाहीत, पायरीकडेच वळतील, इतक्या वर्षांची सवय आहे. तेव्हा दुसऱ्यांदा म्हणा.